बोनेटवालीची डावी बाजू

ढोकीच्या कारखान्याचं गाळप संपलं की मल्लिकार्जुनच्या गॅरेजवर एकदम शांतता पसरायची. हंगामात ट्रॅक्टर अन् उसाच्या ट्रॉल्या दारापासून रस्त्यापर्यंत उभ्या असायच्या; चैत्र लागला की आवारात कडुनिंबाचा फुलोरा तेवढा गळत राहायचा. अशाच एका रिकाम्या दिवशी ईट गावच्या बंडप्पाचा फोन आला. ट्रॅक्टर नांगर उचलत नाही, येऊन बघून जा म्हणाला. मल्लिकार्जुननं मोटारसायकलला पान्यांची पिशवी अडकवली अन् निघाला.

काम किरकोळ निघालं. ते उरकल्यावर हात धुवायला पाणी कुठं आहे म्हणून विचारलं, तर बंडप्पानं गोठ्यामागच्या शेडकडं बोट केलं, तिथं हौद होता. मल्लिकार्जुन हात धुवून वळला, अन् ओल्या हातानं तसाच उभा राहिला. शेडच्या अंधारात, कडब्याच्या पेंढ्यांमागं, एक जुनी पिकअप उभी होती. गोल खांद्यांची, लांब नाकाची, विलायती. निजामाच्या राज्याच्या अखेरीस हैदराबादेत अशा गाड्या उतरायच्या म्हणून त्यानं वडिलांकडून ऐकलं होतं; डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होता. मागची चाकं जमिनीवर होती. पुढची मात्र काढून भिंतीला टेकवलेली होती, अन् गाडीचं तोंड विटांच्या थरावर चढवून ठेवलेलं होतं.

बंडप्पाला शेड सोयाबीनसाठी मोकळं करायचं होतं. न्यायची असेल तर ने म्हणाला. मल्लिकार्जुननं कारण विचारलं नाही अन् बंडप्पानं सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी ट्रॉलीवर चढवून त्यानं ती ढोकीला आणली. गावातून जाताना लोक दुकानांच्या फळ्यांवरून उठून बघायला आले. त्या दिवसापासून तिचं नाव बोनेटवाली पडलं.

आता मल्लिकार्जुनविषयी सांगायला हवं. त्याच्या हातची गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा दारात आली, असं पंचक्रोशीत कुणी म्हणू शकत नव्हतं. तो याची फुशारकी मारायचा नाही, पण कुणी दुसऱ्यानं मारली तर अडवायचाही नाही. बोनेटवालीचं इंजिन त्यानं खोललं, घासलं, बसवलं, अन् ते पहिल्या काही झटक्यांतच बोललं. पत्रा ठोकून सरळ केला. रंग शेवाळी हिरवा दिला, मूळचा होता तसाच. फक्त पुढचा एक्सल कामातून गेला होता. वर्षानुवर्षं विटांवर बसून त्याला गंजानं खाल्लं होतं, अन् चाक ज्या खिळीवर वळतं ती किंगपिन आत इतकी धरली होती की घणानंही हलेना.

नवा एक्सल करायचाच आहे, तर थोडा वेगळा करावा, असं त्याच्या मनात आलं. परदेशातल्या लोकांनी अशा जुन्या पिकअपा नाकात खाली आणलेल्या त्यानं मोबाइलवर पाहिल्या होत्या. खिल्लारी खोंड शर्यतीत सुटण्याआधी मान खाली घालून खांदे वर काढतो ना, तशा त्या दिसत होत्या. हे कसं करायचं, तेही त्याला ठाऊक होतं. दोन चाकांना जोडणाऱ्या त्या आडव्या दांड्याची दोन्ही टोकं तापवून वर उचलायची. चाकं जागेवर राहतात, मधला भाग खाली येतो, अन् त्यावर बसलेली गाडी आपोआप वाकते. पण ठाऊक असणं वेगळं अन् लोखंडाला पटवणं वेगळं. त्यासाठी शिवप्पा लागणार होता.

शिवप्पाची भट्टी गॅरेजला लागूनच होती. दोघं बरोबरीनं वाढलेले. शिवप्पा कमी बोलायचा, पण लोखंडाचा रंग बघून त्याचं मन ओळखायचा. मोडीतून आणलेला एक जाड, निरोगी एक्सल त्यानं भट्टीत घातला. लोखंड जांभळावरून पळसाच्या फुलावर आलं तेव्हा तो म्हणाला, "आता." मल्लिकार्जुननं जोर लावला, शिवप्पानं घण चालवला. टोकं वर उचलली गेली ती अशी की कुठं चीर नाही, कुठं मुरड नाही. राखेत निवायला ठेवलेल्या त्या दांड्याभोवती दोघं बराच वेळ उभे होते. मल्लिकार्जुनची बायको भुवनेश्वरी चहा घेऊन आली अन् त्यांच्याकडं बघून म्हणाली, की लेकरू झाल्यासारखे काय बघताय. पण तीही बघत राहिली.

बसवायला सगळा दिवस गेला. गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवली, जुना एक्सल उतरवला, नवा गाडीचा भार झेलणाऱ्या कमानपाट्यांखाली धरला, मधली खुंटी भोकात अचूक बसली, यू-बोल्ट आवळले. नव्या किंगपिना ग्रीस लावून घातल्या. सुकाणूचा आडवा गज पाट्याला घासू नये म्हणून शिवप्पानं गजाचा लोखंडी हात तापवून थोडा वाकवून दिला. शेवटी मल्लिकार्जुननं सुतळी ताणून दोन्ही चाकांची तोंडं जुळवली. मग जॅक सोडला. बोनेटवाली हळूहळू खाली आली, वाकली, अन् खरंच त्या खोंडासारखी दिसली. शिवप्पानं तोंड फिरवून डोळे पुसले. घाम असेल.

गाडी कारखान्याच्या रस्त्यानं नेली. सुकाणूवरचे हात काढले तरी ती दोरीत चालावी तशी सरळ गेली. ब्रेक दाबला, सरळ थांबली. मल्लिकार्जुनची छाती शर्टात मावेना.

परत येऊन त्यानं ती आवारात उभी केली, उतरून मागं सरकला, अन् त्याच्या कपाळाला आठी पडली.

गाडी तिरकी होती. पुढची डावी बाजू दोन बोटं खाली.

दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. मल्लिकार्जुनला त्यापुढं काहीच दिसेना. सकाळी उठून त्यानं डाव्या पाट्यांचा जुडगा उजवीकडं अन् उजवा डावीकडं बसवला. दोष पाट्यात असेल तर आता उजवी बाजू दबायला हवी. डावीच दबली. मग त्यानं एक्सल पुन्हा खाली काढला. शिवप्पाला वाटलं, आपल्या कामावर शंका घेतली. त्यानं दांडा सपाट फरशीवर ठेवला, दोन्ही टोकांवर गुण्या लावला, लेव्हल बघायची पाण्याची पट्टी धरली, अन् पट्टी मल्लिकार्जुनच्या हातात देऊन भट्टीकडं निघून गेला. दोन्ही टोकं केसाएवढीसुद्धा वरखाली नव्हती. चेसिस मोजली, तीही सरळ. टायरमधली हवा सारखी. गाडी घोड्यांवर उचलली की सगळं समान. खाली सोडली की डावी बाजू दोन बोटं खाली.

असे बरेच दिवस गेले. वैशाख लागला. लोक गाडी बघायला यायचे, वा वा करायचे, अन् मल्लिकार्जुन त्यांना मुद्दाम उजव्या अंगाला उभं करायचा.

एका दुपारी ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शिवप्पा जेवायला घरी गेला होता. भट्टी विझलेली, कारखान्याचं धुराडं थंड. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मल्लिकार्जुननं विचार केला, सीटखालचा पत्रा एकदा बघावा, तिथं काही जड अडकलं असेल. त्यानं केबिनमधली लांब सलग सीट सोडवली अन् उजव्या दारातून ओढून बाहेर काढली.

सीट बाहेर आली, अन् गाडी बोलली.

पाट्यांचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. पोत्यांनी भरलेली गाडी रिकामी होताना पाटे असे करकरतात. डावं नाक वर आलं. वर येऊन थांबलं. मल्लिकार्जुन डाव्या अंगाला आला अन् खाली बसून बघू लागला. दोन्ही बाजू समान होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सीट एवढी जड नव्हती. अन् असती तरी तिचं वजन दोन्हीकडं सारखंच पडायला हवं होतं. तो तसाच उकिडवा बसून हे मनाशी जुळवत होता, तेवढ्यात त्याला वास आला. पेट्रोलचा नव्हता, ग्रीसचा नव्हता. निखाऱ्यावर ओवा टाकल्यावर जी धुरी होते, तिचा. अन् तो केबिनमधून येत नव्हता. त्याच्या अगदी शेजारून येत होता, डाव्या दाराबाहेरून, जिथं कुणी माणूस सीट परत बसवायची वाट बघत उभं राहील, तिथून.

त्यानं मान वळवली नाही. सीट उचलली, आत सरकवली. चारही नट लावले. मग तो दोन पावलं मागं आला अन् बघत उभा राहिला. क्षणभर काहीच झालं नाही. मग डावीकडचे पाटे थोडेसे दबले... थांबले... अन् मग पूर्ण दबले. घरातली बाई लुगडं आवरून, आधी टेकून, मग नीट बसते, तसे.

भुवनेश्वरी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो आवाराच्या पार टोकाला, पिंपळाखाली बसला होता. त्यानं तिला काही सांगितलं नाही. ती सहज गाडीजवळ गेली, काचेतून आत डोकावली, अन् थबकली. परत येऊन तिनं डबा उघडला, त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली, अन् खालच्या आवाजात म्हणाली,

"आत बाळंतिणीच्या खोलीचा वास येतोय."

त्यानं मान हलवली.

"मग बघत काय बसलाय. ईटला जाऊन इचारा, कोण बसलंय ते."

भुवनेश्वरी मुरूम गावची. भीती वाटली की ती कामाला लागायची, ही तिची रीत होती. संध्याकाळी शिवप्पाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला की लिंबू उतरून टाकू, नारळ फोडू, बाधा निघून जाईल. भुवनेश्वरीनं ते होऊ दिलं नाही. दारात आलेल्या बाईला, ती कोण हे विचारल्याशिवाय हाकलायचं नसतं, असं तिचं म्हणणं पडलं. शिवप्पानं ऐकलं. पण त्या दिवसापासून तो भट्टीकडं जाताना बोनेटवालीला वळसा घालून जाऊ लागला.

ईटला बंडप्पानं काही लपवलं नाही. बाजेवर बसून, तंबाखू मळत, त्यानं सगळं सांगितलं, जणू कुणीतरी विचारण्याचीच तो वाट बघत होता.

गाडी त्याच्या आजोबांची, महालिंगप्पांची. परिसरात तेव्हा दुसरी मोटार नव्हती अन् महालिंगप्पांएवढा मानी माणूसही नव्हता. त्यांची थोरली सून नीलम्मा, बंडप्पाची चुलती, सोनारी गावची. तिच्या वडिलांचं काळभैरवाच्या देवळापाशी नारळ-कापराचं दुकान होतं. लग्नात मानपानावरून दोन व्याह्यांचं बिनसलं, अन् महालिंगप्पांनी भर मांडवात सांगितलं की माझ्या गाडीचं चाक सोनारीच्या शिवेला लागणार नाही. पुढं नीलम्मा सासरीच बाळंत झाली. मूल बारशाआधीच गेलं. तिनं सासऱ्यांकडं एवढंच मागितलं, की मला आईकडं पोचवा. ते नाही म्हणाले. नवऱ्याची बापापुढं तोंड उघडायची छाती नव्हती.

तेव्हा ती ओली बाळंतीण खोलीतून उठली, अंगणात आली, अन् सगळ्यांच्या देखत गाडीच्या डाव्या बाजूला चढून बसली. उतरीन तर सोनारीला, म्हणाली.

महालिंगप्पांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी गड्यांना सांगून पुढची दोन्ही चाकं काढवली अन् गाडी विटांवर ठेवली. बसू दे म्हणाले. भूक लागली की उतरेल.

"ती उतरली न्हाय," बंडप्पा म्हणाला. "पाण्याचा तांब्या दिला, तर त्यो बी घेतला न्हाय."

मळलेली तंबाखू त्यानं दाढेत धरली. मग म्हणाला, की आमच्यात माणसाला बसवूनच माती देतात, हे तुला ठाऊक आहे. चुलतीला वेगळं बसवावं लागलं नाही. जशी बसली होती तशीच उचलून नेली. महालिंगप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण त्यांनी ती चाकं पुन्हा बसवू दिली नाहीत. पश्चात्ताप म्हणून की हट्ट म्हणून, ते घरात कुणालाच कळलं नाही.

परतताना मल्लिकार्जुनच्या मनात भीती होतीच, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढलं होतं. मानी माणसाला मानी माणूस ओळखू येतो. एका बाईनं एक शब्द दिला अन् मेल्यावरही तो मोडला नाही. अन् आता ती त्याच्या गाडीत बसली होती, त्यानं अन् शिवप्पानं घडवलेल्या एक्सलवर. चाकं काढून तिला अडवलं होतं. ती चाकं आता त्यानं लावली होती. घरी येऊन त्यानं भुवनेश्वरीला सांगितलं, की आपण तिला सोडून येऊ. दिवसाउजेडी, राजरोस. गाडी धुवून, पुसून.

सकाळी निघाले. शिवप्पाकडं एका कुळवाच्या लोखंडी फासांचं काम होतं, म्हणून तो मागं राहिला. निघताना त्यानं बोनेटला हात लावला अन् तो हात कपाळाला लावला. मल्लिकार्जुन सुकाणूवर बसला. भुवनेश्वरी डाव्या दाराशी गेली, दार उघडलं, अन् थांबली. मग दार तसंच लावलं, वळसा घालून आली, मल्लिकार्जुनला क्षणभर खाली उतरवून उजवीकडून चढली अन् त्याला चिकटून मधे बसली. तिच्या डाव्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी होती. त्या जागेकडं न बघता ती शांतपणे म्हणाली,

"अक्का, नीट बसा. वाट लांबची हाय."

येडशी ओलांडली. घाटाच्या उतारावर, जिथं झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते, तिथं भुवनेश्वरीनं पदर डाव्या दंडावर घट्ट ओढून घेतला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं.

"अंग लई तापलंय... त्यांचं."

काच खाली असूनही ओव्याचा वास दाट झाला होता. मल्लिकार्जुनच्या हाताला घाम सुटला; सुकाणू मात्र हलत नव्हतं. गाडी जशी चालली होती तशी ती कधीच चालली नव्हती. खड्ड्यात आपटेना, वळणावर ओढेना, उतारावर ब्रेक मागेना. बार्शीच्या बाजारात लोक थांबून बघू लागले. एकानं मोटारसायकल शेजारी आणून विचारलं, की पुढून एवढी खाली कशी काय घेतली. मल्लिकार्जुननं त्या भीतीतही त्याला सांगितलं, की एक्सल घरी घडवलाय, आमच्या शिवप्पानं. त्या माणसानं मान झुकवून नमस्कार केला. तो गाडीला केला, की आतल्या बाईमाणसाला, की डावीकडच्या सीटला, ते मल्लिकार्जुनला कळलं नाही. भुवनेश्वरी मधे बसली होती, अन् तो माणूस काचेला लागून असलेल्या जागेकडं बघत होता.

परांडा मागं पडलं. दुपार कलली तेव्हा सोनारी आली. शिवेवर पाटी दिसताच मल्लिकार्जुननं गाडी हळू केली. चाक शिवेला लागलं ते त्याला हातात जाणवलं, तेवढंच. भुवनेश्वरीनं डोळे मिटून हात जोडले.

सोनारीत देवळाच्या आवारात, ओट्यांवर, पत्र्यांवर, जिकडं तिकडं माकडं. येणाऱ्याच्या पिशवीला हात घालणारी, गाड्यांच्या टपावर उड्या मारणारी. बोनेटवाली गल्लीत शिरली अन् एकही माकड ओरडलं नाही. पत्र्यावरची उठून भिंतीवर गेली, भिंतीवरची मागं सरकली, अन् सगळी एका ओळीत बसून गाडीच्या डाव्या बाजूकडं बघत राहिली. नारळ विकणाऱ्या बाईनं नवलानं वर पाहिलं. मल्लिकार्जुननं तिला जुन्या कापरवाल्यांचं घर विचारलं. तिनं पुढचं दार दाखवलं.

उंबऱ्यात एक म्हातारी पाय पसरून ज्वारी पाखडत बसली होती. नीलम्माची धाकटी बहीण, पार्वतम्मा; घरात तेवढीच जुनी उरली होती. बहीण गेली तेव्हा ती परकरातली पोर असणार. मल्लिकार्जुननं गाडी दारासमोर आणली, इंजिन बंद केलं. गल्लीत सूप वाजत होतं, सळ... सळ... मग तेही थांबलं.

पाटे करकरले. सावकाश. डावं नाक वर आलं.

दार उघडलं नव्हतं. पण म्हातारीनं मान वर न करता सूप बाजूला ठेवलं. पसरलेले पाय आखडून घेतले, लुगड्याचा घोळ गोळा केला अन् भिंतीकडं सरकली, आत जाणाऱ्याला वाट द्यावी तशी. थोडा वेळ ती तशीच अंग चोरून बसली. मग पाय पुन्हा पसरले, अन् तेव्हा कुठं तिनं गाडीतल्या दोघांकडं बघितलं.

"तुमी बी या," ती म्हणाली. "पाणी घ्या."

ते आत गेले, पाणी प्याले. कोण, कुठले, का आले, काहीही तिनं विचारलं नाही. निघताना तिनं भुवनेश्वरीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं अन् ओटीत नारळ घातला. मग मल्लिकार्जुनजवळ आली, त्याचा काळा, तेलकट हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, उलटा करून बघितला, अन् सोडून दिला. एखाद्या मोठ्या माणसाकडून शाल-श्रीफळ मिळालं असतं तरी मल्लिकार्जुनला तेवढं वाटलं नसतं.

बाहेर येऊन त्यानं पाण्याची पट्टी काढली अन् गल्लीतच, लोकांच्या देखत, बोनेटवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. त्यानं भुवनेश्वरीला बोलावून दाखवलं. मग त्या बुडबुड्याचा मोबाइलवर फोटो काढला, शिवप्पाला दाखवायला.

परतीला भुवनेश्वरी डाव्या काचेपाशी बसली. वास उरला नव्हता. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता, अन् घाट चढताना तिनं कानडीतलं एक जुनं पद गुणगुणायला सुरुवात केली. मल्लिकार्जुन कुठंच थांबला नाही. दिवेलागणीला ढोकीत शिरले तेव्हा शिवप्पा भट्टीपाशीच होता. फोटो बघितला, अन् पहिल्यांदाच तो बोनेटवालीच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला.

पुढचे दिवस नुसते कौतुकाचे गेले. लातूरहून कुणी आलं, सोलापूरहून कुणी आलं. मल्लिकार्जुन आता लोकांना चारी बाजूंनी फिरवून गाडी दाखवायचा. एक्सल कुणी घडवला असं विचारलं की शिवप्पाला हाताला धरून पुढं आणायचा. शिवप्पा लाजून उभा राहायचा.

अशाच एका सकाळी बिभीषणतात्या आले. येडशीच्या घाटाखाली त्यांचं शेत होतं. विहिरीवरचं डिझेल इंजिन बैलगाडीत घालून आणलं होतं. मल्लिकार्जुननं त्यांना खाट दिली, चहा मागवला. शिवप्पाही कप घेऊन शेजारी बसला. तात्या चहा फुंकत बोनेटवालीकडं बघत राहिले. गाडी लई देखणी झाली म्हणाले. मग थोडं रुसून म्हणाले, की माणसं मोठी झाली की गरिबाला ओळखत नाहीत. मागं एका संध्याकाळी घाटाखाली मी रस्त्याला उभा होतो, एस.टी. चुकली होती, तुमची गाडी परांड्याकडून येताना बघून हात केला, तर तू बघितलंसुद्धा नाहीस.

मल्लिकार्जुनला खरंच वाईट वाटलं. त्यानं सांगितलं, की दिसला नाहीत तात्या, दिसला असता तर घेऊनच आलो असतो. मागचा हौदा सगळा मोकळा होता.

"मोकळा?" तात्यांनी कप खाली ठेवला. "दाटीवाटीनं माणसं बसली व्हती की. बाया, लेकरं... समदी गप. अन् कडंला ह्यो शिवप्पा. म्या हात केला, तर ह्यानंच हात हलवून न्हाय म्हटलं."

मल्लिकार्जुन हसला. शिवप्पा त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथं भट्टीवर होता, कुळवाची फासं नेणाऱ्यांनी त्याला बघितलं होतं, हे सांगायला तो शिवप्पाकडं वळला.

शिवप्पा हसत नव्हता. तो कपातल्या चहाकडं बघत होता, अन् सकाळच्या त्या कोवळ्या उन्हात त्याच्या कपाळावर घाम जमला होता.

"समद्यांना घरी पोचायचं व्हतं, जागा नव्हती, तात्या," तो हळूच म्हणाला.